'कागल' हे नाव पायथॉनला चालतं, 'गो'ला चालत नाही! कॉम्प्युटरच्या भाषेत नाव ठेवायचे नियम काय असतात?

पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा हायवे कोल्हापूर सोडतो आणि थोड्याच वेळात कागल लागतं. महाराष्ट्राच्या हद्दीतलं या रस्त्यावरचं हे शेवटचं मोठं गाव. पुढे कोगनोळी, मग निपाणी आणि कर्नाटक सुरू.

आता एक साधा प्रयोग करा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत एक नाव तयार करा आणि ते देवनागरीत लिहा, 'कागल'. पायथॉन काहीही कुरकुर न करता ते स्वीकारतो.

आता हेच नाव 'गो' या भाषेत लिहून बघा. प्रोग्राम चालतच नाही. एरर येते आणि त्यात बोट दाखवलेलं असतं 'क'नंतरच्या कान्यावर. हे चिन्ह नावात चालत नाही, असं 'गो'चं म्हणणं.

गंमत म्हणजे शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं 'जत' किंवा साताऱ्यातलं 'फलटण' लिहिलं तर 'गो'ला काही अडचण नाही. म्हणजे प्रश्न मराठीचा नाही, देवनागरीचाही नाही. प्रश्न आहे काना, मात्रा, वेलांटीचा.

मग कोल्हापूर जिल्ह्याचे बाराही तालुके घेऊन बघा. करवीर, कागल, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड. पायथॉनमध्ये बाराच्या बारा पास. 'गो'मध्ये बाराच्या बारा नापास. आजरा अडकतं शेवटच्या एका कान्यावर, चंदगड अडकतं एका अनुस्वारावर.

असं का होतं? प्रोग्राममध्ये नाव कसं असावं हे कोण ठरवतं? आणि ज्यांनी आयुष्यात कधी कोडिंग केलं नाही, त्यांचा याच्याशी काय संबंध? नीट समजून घेऊया.

आधी बघू, आयडेंटिफायर म्हणजे काय?

स्वयंपाकघरात एकसारखे दहा डबे असतात. कशात हळद, कशात धणे हे कळावं म्हणून त्यांवर चिठ्ठी लावतात. प्रोग्राममध्येही माहिती अशीच वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेली असते. त्या डब्यावरच्या चिठ्ठीला म्हणतात आयडेंटिफायर. मराठीत सरळ 'नाव' म्हटलं तरी चालेल.

समजा, कागल तालुक्यातल्या एका मुलीला घरच्या उसाचं बिल काढणारा छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. त्यातली मुख्य ओळ अशी असेल :

एकूण_बिल = ऊस_टन * दर_प्रति_टन

ही नुसती समजावण्यासाठी लिहिलेली ओळ नाही. ऊस किती टन आणि दर किती, हे आधीच्या ओळींत सांगितलेलं असेल, तर पायथॉनमध्ये ती जशीच्या तशी चालते. यातली 'एकूण_बिल', 'ऊस_टन' आणि 'दर_प्रति_टन' ही तीन आयडेंटिफायर आहेत.

कॉम्प्युटरला या नावांच्या अर्थाशी काही देणंघेणं नाही. 'ऊस_टन'ऐवजी 'क्ष' लिहिलं तरी उत्तर तेच येईल. अर्थ लागतो तो वाचणाऱ्या माणसाला. सहा महिन्यांनी तोच प्रोग्राम उघडल्यावर 'क्ष' म्हणजे काय हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

थोडक्यात, नाव माणसासाठी असतं आणि नियम मशीनसाठी. सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते.

सगळीकडे सापडणारे नियम

बहुतेक भाषांमध्ये चार-पाच नियम सारखेच असतात.

पहिला नियम : नावात मोकळी जागा चालत नाही. कागल तालुक्यात 'कसबा सांगाव' आणि 'मौजे सांगाव' अशी दोन गावं आहेत. नुसतं 'सांगाव' लिहिलं तर कुठलं ते कळणार नाही आणि मध्ये जागा सोडली तर मशीन त्याला दोन वेगळे शब्द समजेल. म्हणून 'कसबा_सांगाव' असं खाली रेघ देऊन जोडायचं. या रेघेला अंडरस्कोअर म्हणतात.

दुसरा नियम : मधली आडवी रेघ, म्हणजे हायफन, चालत नाही. कारण मशीनच्या लेखी ते वजाबाकीचं चिन्ह आहे. 'ऊस-टन' म्हणजे ऊस वजा टन! अपवाद जुन्या 'कोबोल' भाषेचा. तिथे नावात हायफन चालतो.

तिसरा नियम : नावाची सुरुवात अंकाने करता येत नाही. 'गट१' चालेल, '१गट' नाही. मशीन कोड डावीकडून उजवीकडे वाचतं. पहिलंच चिन्ह अंक दिसलं की ते ठरवतं, ही संख्या आहे. पुढे अक्षर आलं की घोटाळा होतो, कारण मोठ्या संख्या लिहिताना आकड्यांच्या मध्ये 'ई' हे इंग्रजी अक्षर वापरायची पद्धतही आहे. संख्या कुठे संपली आणि नाव कुठे सुरू झालं, हा प्रश्नच नको म्हणून ही बंदी.

चौथा नियम : भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द घेता येत नाहीत. पायथॉनमध्ये असे ३५ शब्द आहेत. इफ, फॉर, व्हाइल वगैरे. 'जावा' भाषेत तर 'गो टू' हा शब्द राखीव आहे, पण भाषा स्वतः तो वापरत नाही. स्वतः बसणार नाही आणि दुसऱ्यालाही बसू देणार नाही, असा रुमाल टाकून ठेवलेला एसटीतला सीट!

पाचवा नियम : इंग्रजीत लहान आणि मोठी लिपी वेगळी मानली जाते. नावातलं एक अक्षर जरी लहानाचं मोठं केलं, तरी पायथॉन, सी, जावा अशा भाषांना ते वेगळंच नाव वाटतं.

सहा अक्षरांत बसवा

हे नियम आले कुठून? १९५७ मध्ये आयबीएम कंपनीने 'फोरट्रान' ही भाषा आणली. जॉन बॅकस हे त्या टीमचे प्रमुख होते. त्या काळी प्रोग्राम कागदी कार्डांवर भोकं पाडून लिहायचे. एका कार्डावर ८० रकाने. कॉम्प्युटरची मेमरीही अगदी तुटपुंजी. म्हणून फोरट्रानने नियम केला, नाव जास्तीत जास्त ६ अक्षरांचं.

त्यात आणखी एक गंमत होती. नावाचं पहिलं अक्षर 'आय'पासून 'एन'पर्यंतचं असेल, तर त्या डब्यात पूर्णांक म्हणजे इंटिजर असणार. दुसरं कुठलंही असेल, तर दशांश संख्या, म्हणजे रिअल. यावरून प्रोग्रामरमध्ये एक जुना विनोद चालत आला आहे. 'गॉड' हे नाव 'जी'ने सुरू होतं, म्हणून देव 'रिअल' आहे, जोवर कुणी त्याला इंटिजर जाहीर करत नाही तोवर!

पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी 'सी' भाषा तयार केली. तिचा नियम पुढच्या असंख्य भाषांनी उचलला. इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर, बस्स. त्या वेळच्या मशीनमध्ये दुसऱ्या लिप्यांसाठी जागाच नव्हती. मराठी बाहेर ठेवायची असं कुणी ठरवलं नव्हतं. मराठीचा विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता.

मग युनिकोड आलं

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक क्रमांक द्यायचा, ही त्यामागची कल्पना. देवनागरीचा समावेश त्यात सुरुवातीपासूनच आहे. भारतात त्याआधी तयार झालेल्या 'इस्की' या मानकाचा आधार त्यासाठी घेतला गेला.

पण इथेच एक महत्त्वाची गोष्ट घडली. युनिकोडने 'का' हे एक अक्षर मानलं नाही. 'क'ला वेगळा क्रमांक आणि कान्याला वेगळा क्रमांक. म्हणजे डोळ्यांना 'कागल' तीन अक्षरी दिसतं, पण मशीनसाठी ती चार चिन्हं आहेत. क, काना, ग, ल. 'कोल्हापूर' तर नऊ चिन्हांचं. त्यात 'ल'चा पाय मोडणारं चिन्हही वेगळं मोजलं जातं.

शिवाय युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक वर्गही दिला. 'क', 'ग', 'ल' यांचा वर्ग 'अक्षर'. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण यांचा वर्ग 'जोडचिन्ह'. म्हणजे दुसऱ्या अक्षराला चिकटून येणारं चिन्ह.

हा वर्ग ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण कागलचं भवितव्य यावरच ठरतं.

पायथॉनने काय केलं?

पायथॉनमध्ये इंग्रजीबाहेरची नावं चालावीत, असा प्रस्ताव २००७ मध्ये मार्टिन फॉन लोविस यांनी मांडला. त्यावर बरीच चर्चा झाली. दुसऱ्या देशातल्या प्रोग्रामरला ही नावं वाचता कशी येणार, टाइप कशी करता येणार, असे आक्षेप होते. तरीही प्रस्ताव मंजूर झाला आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ मध्ये तो लागू झाला.

पायथॉनने युनिकोडचीच शिफारस पाळली. नावाची सुरुवात अक्षराने व्हावी, पुढे अक्षरं, अंक आणि जोडचिन्हं चालतील. म्हणून 'कागल' पास. रस्ट या भाषेनेही जून २०२१ मध्ये अशीच परवानगी दिली.

आणि 'गो'ने?

'गो' ही भाषा गुगलमध्ये तयार झाली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली. रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन हे तिचे जनक. 'गो'चा नियम साधा आणि कडक आहे. नावात फक्त 'अक्षर' वर्गातली चिन्हं, अंक आणि अंडरस्कोअर. जोडचिन्हांना प्रवेश नाही.

याचा मराठीत अर्थ काय होतो? पहिलीतल्या मुलांना बाराखडी शिकवण्याआधी घर, कमल, बस, नमन असे बिनकाना-मात्रेचे शब्द शिकवतात. 'गो'ची मराठी तेवढ्यावरच थांबली आहे. बाराखडी तिने अजून गिरवलेली नाही. म्हणून जत पास, फलटण पास आणि कागल नापास.

सीमा ओलांडून निपाणीत जाऊन कन्नडमध्ये नाव लिहिलं, तरी सुटका नाही. कन्नड, तमिळ, बंगाली या लिप्यांतही स्वरचिन्हं अशीच जोडून येतात.

विशेष म्हणजे 'गो'च्या निर्मात्यांना हे ठाऊक आहे. भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांच्या पानावर त्यांनी स्वतःच मान्य केलंय की या नियमामुळे काही भाषा बाहेर राहतात. तिथे उदाहरण दिलंय ते देवनागरीचंच. नियम सोपा, नेमका आणि शंकेला जागा न ठेवणारा असावा, हे त्यामागचं कारण.

आणि यातला योगायोग बघा. आज जगभरातला मराठी मजकूर ज्या 'यूटीएफ-८' पद्धतीने इंटरनेटवर फिरतो, ती पद्धत १९९२ मध्ये तयार करणारे दोघे जण म्हणजे हेच केन थॉम्पसन आणि रॉब पाइक. ज्यांनी मराठीला इंटरनेटवर वाट करून दिली, त्यांच्याच भाषेत मराठी नावाला कान्यापाशी अडवलं जातं.

अर्थात 'गो'मध्ये मराठी मजकूर छापता येतो, मराठी टिपा लिहिता येतात. अडचण फक्त नावांची आहे.

मराठीत कॅपिटल नसतं, त्याचं काय?

दुसरी अडचण कॅपिटल अक्षरांची. 'गो'मध्ये एखादं नाव दुसऱ्या फाइलसंचाला वापरू द्यायचं असेल, तर ते कॅपिटल अक्षराने सुरू व्हावं लागतं. रुबी भाषेत क्लासचं नाव कॅपिटल अक्षरानेच सुरू व्हायला हवं. देवनागरीत लहान-मोठी लिपी हा प्रकारच नाही. त्यामुळे रुबीत मराठी नावाचा क्लास बनवायचा झाला, तरी पुढे एखादं इंग्रजी कॅपिटल अक्षर चिकटवावं लागतं. नावापुढे उगाच लावलेल्या इनिशियलसारखं.

शब्द जोडायची 'कॅमल केस' नावाची लोकप्रिय पद्धतही कॅपिटलवरच चालते. मधल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करायचं, की नाव उंटाच्या पाठीसारखं वरखाली दिसतं. मराठीत हा उंट बसतच नाही. तिथे अंडरस्कोअर हाच खरा सोबती.

दिसायला एक, आतून दोन

परवानगी मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते.

'ॲप' आणि 'अॅप'. हे दोन शब्द नीट बघा. बहुतेक फोनवर ते सारखेच दिसतील. पण पहिल्यात 'ॲ' हे एकच चिन्ह आहे आणि दुसऱ्यात 'अ' अधिक वरचा चंद्र अशी दोन चिन्हं आहेत. युनिकोड या दोन रूपांना एकच मानत नाही. त्यामुळे पायथॉनही ती दोन वेगळी नावं समजतो. एका जागी पहिलं आणि दुसऱ्या जागी दुसरं लिहिलं गेलं, तर एरर येईल, 'हे नाव माहीत नाही'. प्रोग्रामर तासभर स्क्रीनकडे बघत बसेल, कारण नाव तर समोर दिसतंय! 'गो'मध्ये तर यातलं पहिलं चालतं आणि दुसरं चालत नाही.

दुसरं उदाहरण उसाच्या प्रोग्राममध्ये हमखास लागेल असं आहे, 'शेतकऱ्यांची_यादी'. यातला 'ऱ्या' खास मराठीचा. तो दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरतात. दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', पाय मोडायची खूण आणि मध्ये एक अदृश्य चिन्ह असतं. त्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. त्याला रुंदी नाही, ते दिसत नाही.

पहिल्या पद्धतीचा शब्द पायथॉन घेतो. दुसऱ्या पद्धतीचा घेत नाही, 'न दिसणारं चिन्ह आहे' म्हणून परत पाठवतो. जावास्क्रिप्ट दोन्ही घेतं, पण दोघांना वेगवेगळी नावं मानतं. म्हणजे डोळ्यांना शेतकऱ्यांची यादी एकच आणि मशीनकडे दोन.

त्यात आपले नेहमीचे ह्रस्व-दीर्घाचे वाद. कागल तालुक्यातलंच गाव घ्या. 'मुरगूड' की 'मुरगुड'? माणूस दोन्ही वाचून एकच गाव समजतो. मशीनसाठी ती दोन गावं आहेत. 'पंप' आणि 'पम्प'चंही तेच.

अंकांचंही नीट लक्षात घ्या. 'गट१'मधला एक मराठी लिहिला की इंग्रजी, यावरून नाव बदलतं. शिवाय मराठी अंक नावात चालतो, पण पायथॉनच्या कोडमध्ये संख्या म्हणून मात्र तो थेट लिहिता येत नाही, तिथे इंग्रजी अंकच लागतात. कुणी फॉर्ममध्ये '४०' असं मराठीत भरलं आणि त्या मजकुराची संख्या करायला सांगितली, तर पायथॉन ते बरोबर ओळखतो.

कारखान्याचा 'ना' कुठे गेला?

आता लांबीचा प्रश्न. 'पोस्टग्रेस' हा डेटाबेस जगभर वापरला जातो. त्यात टेबलच्या नावाला ६३ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना असो की अनुस्वार, प्रत्येकाचे ३. म्हणजे इंग्रजीला ६३ चिन्हं आणि मराठीला फक्त २१.

कागलचा साखर कारखाना शाहू महाराजांच्या नावाने आहे. समजा, एखाद्याने सरावासाठी टेबलचं नाव दिलं, 'छत्रपती_शाहू_साखर_कारखाना'. यात देवनागरीची २२ चिन्हं आणि तीन अंडरस्कोअर. एकूण ६९ बाइट. पोस्टग्रेस अशा वेळी काम थांबवत नाही. एक छोटी सूचना देतो आणि नाव कापून पुढे जातो. उरतं काय?

छत्रपती_शाहू_साखर_कारखा

शेवटचा 'ना' गायब. हसण्यावारी नेता येईल, पण पुढचं बघा. समजा एका टेबलच्या नावाला शेवटी '_सभासद' जोडलं आणि दुसऱ्याला '_ऊस'. कापल्यावर दोन्ही नावं सारखीच होतात. दुसरं टेबल बनवायला गेलं की डेटाबेस सांगतो, हे टेबल आधीच आहे.

हा फक्त प्रोग्रामरचा प्रश्न आहे का?

नाही. कारण नावातलं कुठलं चिन्ह 'अक्षर' मानायचं, हा प्रश्न प्रत्येक ऑनलाइन फॉर्ममध्ये येतो.

फॉर्म बनवणारे नावाच्या रकान्याला बऱ्याचदा एक अट घालतात, 'फक्त अक्षरं चालतील'. उद्देश चांगला असतो. कुणी नावाच्या जागी मोबाइल नंबर टाकू नये. पण ही अट मशीनला सांगताना काना, मात्रा धरायच्या राहिल्या, तर काय होईल? 'अमर', 'शरद', 'कमल' यांचे फॉर्म जातील. 'स्वाती', 'संजय', 'राजू' यांना लाल अक्षरांत उत्तर मिळेल, 'कृपया योग्य नाव भरा'.

हीच विसंगती पायथॉनमध्येही आहे. 'कागल हे प्रोग्राममध्ये नाव म्हणून चालेल का?' असं त्याला विचारलं, तर तो 'हो' म्हणतो. 'कागल या शब्दात सगळी अक्षरंच आहेत का?' असं विचारलं, तर तोच पायथॉन 'नाही' म्हणतो, कारण काना 'अक्षर' वर्गात नाही. एखाद्या मजकुरातून शब्द वेगळे काढायची त्याची नेहमीची खूण वापरली, तर 'कागल'मधून पहिल्यांदा हाती येतो नुसता 'क'.

उपाय अवघड नाही. अट लिहिताना 'अक्षर' वर्गासोबत 'जोडचिन्ह' वर्गही धरायचा, एवढंच. पण त्यासाठी अट लिहिणाऱ्याने एकदा तरी कान्याचं, वेलांटीचं नाव टाकून बघायला हवं. नाहीतर चूक मशीनची असते आणि आपलंच नाव चुकीचं आहे की काय, असं वाटतं फॉर्म भरणाऱ्याला.

मग मराठीत नावं द्यावीत की नाही?

विरोधातले मुद्दे खरे आहेत. मोठ्या कंपन्यांचा कोड वेगवेगळ्या देशांतली माणसं एकत्र लिहितात. तिथे इंग्रजी नावंच सोयीची पडतात. पायथॉनने स्वतःच्या मूळ संचासाठी इंग्रजी अक्षरांचाच नियम ठेवलाय. सुरक्षेचाही प्रश्न आहे. न दिसणारी आणि एकसारखी दिसणारी चिन्हं वापरून कोडमध्ये लबाडी कशी लपवता येते, हे केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं होतं. म्हणूनच रस्टसारखी भाषा एकसारखी दिसणारी नावं सापडली की इशारा देते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मराठी माध्यमातल्या नववीच्या मुलाला पहिल्यांदाच प्रोग्राम लिहायचा असेल, तर 'एकूण_बिल' त्याला लगेच कळतं. इफ, फॉर हे राखीव शब्द इंग्रजीच राहतात, पण ते ३५च आहेत. बाकी विचार तो आपल्या भाषेत करू शकतो. इंग्रजी स्पेलिंग आणि प्रोग्रामिंग, अशा दोन लढाया एकदम लढाव्या लागत नाहीत.

मधला मार्ग म्हणून बरेच जण मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहितात, व्हॉट्सॲपवर लिहितो तसे. पण त्यात 'दर' आणि 'दार' यांचं स्पेलिंग बऱ्याचदा एकच होतं. उसाच्या बिलात हे परवडणारं नाही.

म्हणून शिकताना, स्वतःच्या वापरासाठी लिहिताना मराठी नावं द्यायला हरकत नाही. फक्त काही पथ्यं पाळायची. टीममध्ये सगळ्यांनी एकच कीबोर्ड पद्धत वापरायची. नाव दुसरीकडून कॉपी करून चिकटवायचं नाही. 'ॲ' आणि 'ऱ' कसे टाइप करायचे हे आधीच ठरवायचं. नावातले अंक इंग्रजीच ठेवायचे. ह्रस्व-दीर्घ एकदा ठरलं की बदलायचं नाही. आणि डेटाबेसमध्ये नाव आखूड ठेवायचं.

मराठीत 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं करणं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. दोन्हींत फरक आहे तो एका अनुस्वाराचा. ज्या भाषेत एका टिंबाने अर्थ उलटतो, तिच्यात ते टिंब मोजायचं की नाही, हा काही किरकोळ नियम नाही. पुढच्या वेळी एखाद्या फॉर्मने 'योग्य नाव भरा' असं म्हटलं, तर आधी तुमच्या नावात काना, मात्रा आहे का ते बघा. बहुतेक नाव बरोबरच असेल. ते तपासणाऱ्याची बाराखडी राहून गेली असेल.